दाणाभर सरकलेला लाल

कूलरला नवा वाळा लावला की पहिल्या दिवशी जी हवा येते, तिला परीक्षेचा वास असतो. हे मी कुणाला पटवून देऊ शकत नाही. दुकानात त्याला खस म्हणावं लागतं, घरी आम्ही वाळा म्हणतो, वास दोन्ही नावांनी तोच. मार्च सरत आलेला, दुपारचे दोन, बाहेर रायपूरच्या बूढापाऱ्याच्या गल्लीत स्कूटरच्या सीटा तापलेल्या, आणि आत खिडकीतून येणारी ती गार, हिरवट, जराशी कुबट हवा. ती तोंडावर आली की चाळिशी उलटली तरी मला उद्या पेपर आहे असं वाटतं. कोणत्या विषयाचा पेपर होता ते आठवत नाही. आठवतो तो राक्षस.

यंदा हा वास उशिरा आला. माझी मुलगी मैत्री दहावीला आहे आणि तिचं केंद्र माझ्या आईबाबांच्या घरापासून पाच मिनिटांवर आलं, म्हणून आम्ही दोघी महिनाभरासाठी इथंच येऊन राहिलो आहोत. दरवर्षी होळी झाली की बाबा स्वतः कूलर धुवायचे, जुना वाळा काढून नवा भरायचे, मोटारीत तेलाचे दोन थेंब सोडायचे आणि पहिल्या झुळकेसमोर स्टूल टाकून बसायचे. यंदा होळी होऊन गेली तरी कूलर तसाच. दिवाळीनंतर बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला. बोलणं परत आलं, पाय परत आला, उजवा हात मात्र अर्ध्या वाटेवर थांबलाय.

थांबलाय म्हणण्यापेक्षा बाबांनी त्याला थांबवून ठेवलंय, असं माझं मत. व्यायाम करून घ्यायला एक दीदी येतात. त्या स्पष्ट सांगतात की बोटांत जीव आहे, पण वापरली नाहीत तर तो राहायचा नाही. काहीही करू द्या, मटार सोलू द्या, पण या उन्हाळ्यात करू द्या. त्यांनी दिलेला मऊ चेंडू खिडकीत धूळ खात पडलाय. बाबा खुर्चीत बसतात, उजवा हात मांडीवर ठेवतात आणि त्यावर पांढरा नॅपकिन पसरतात. पाहुणे आले तरी, आम्हीच असलो तरी. जेवतात डाव्या हातानं, चमच्यानं. मी एकदा तो नॅपकिन उचलायला गेले तर म्हणाले, "राहू दे माय. हिव लागते त्याले." मार्च महिन्यात रायपुरात थंडी वाजणारा हात मी पहिल्यांदाच पाहिला.

शेवटी कूलर मीच काढला. त्याच्या जाळ्या माळ्यावर असतात. त्या आणायला शिडी लावून चढले, तर जाळ्यांच्या मागं प्लास्टिकमध्ये बांधलेली कागदांची एक गुंडाळी होती. ती तिथं आईनं ठेवली असणार. आमच्या घरात सुतळीला अशी दुहेरी गाठ तीच मारते. मी शिडीवरच बसून ती सोडली. एकतीस पानं शाईची. बत्तिसावं नुसतं पेन्सिलीचं. आणि पहिल्या पानावर बाबांच्या वळणदार अक्षरात: 'काळोखवाले उस्ताद, केसवाले उस्ताद, तुमा दोघाइले सविनय जयभीम.'

हे दोन उस्ताद कोण, ते आम्हाला कधीच कळलं नाही. बूढा तालाबाच्या अंगाला एका अरुंद दुकानात कॉमिक्स भाड्यानं मिळायची. दुकानवाले भैया नवं कॉमिक आलं की आधी त्याचं कव्हर काढून घ्यायचे आणि गिऱ्हाइकांना दिसावं म्हणून दोरीवर चिमट्यानं लटकवायचे. आतल्या पानांना खाकी कागद चढायचा आणि त्यावर नंबर पडायचा. चित्रं कुणी काढली ते कव्हरच्या आतल्या बाजूला छापलेलं असायचं म्हणे. म्हणजे नावं दोरीवर वाऱ्यानं हलत राहायची आणि आम्ही नंबर घेऊन घरी यायचो. ती कव्हरं उन्हानं पांढरी पडेपर्यंत तिथंच असायची, पण एखादं उलटून पाहावं असं आम्हा दोघांच्याही कधी डोक्यात आलं नाही.

आम्ही दोघं म्हणजे मी आणि बाबा. इतर घरांत वडील मुलांच्या हातातून कॉमिक्स हिसकावून घेत, आमच्याकडे बाबाच आधी वाचायचे. ते शहराबाहेर सिलतऱ्याला एका कारखान्यात होते, स्पंज आयर्नच्या भट्टीवर. सकाळची पाळी असली की तीनच्या सुमारास घरी येत. बादलीभर पाण्यानं तोंड, मान, कोपरं धूत, तरी डोळ्यांच्या कडांना एक काळी रेघ राहायचीच. मग जमिनीवर पालथे पडून, हनुवटीखाली उशी घेऊन, नंबर एकशे चाळीस वाचायला लागत. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून वाचायची. पान उलटायचा हक्क मात्र त्यांचा.

नावं नव्हती म्हणून आम्ही चित्रकारांना हातावरून ओळखायला शिकलो आणि उस्ताद म्हणायला लागलो. काळोखवाल्यांचा राक्षस पूर्ण कधी दिसायचाच नाही. एक खांदा दिसायचा, एक डोळा, जिन्याच्या कठड्यावर चार बोटं. बाकी सगळं काळं. केसवाल्यांचं अगदी उलट. त्यांच्या राक्षसाच्या अंगावरचा केस न् केस मोजून घ्यावा, नखांना चिरा, दातांना कीड. बाबा काळोखवाल्यांचे, मी केसवाल्यांची.

"उस्ताद अर्धं तोंड काढते," बाबा म्हणायचे, "अन् अर्धं आपल्याले काढू देते. भल्ला दिलदार मानूस हाय."

"अन् माहे उस्ताद?"

"थे बी चांगले हायेत. पण त्याइचा आपल्यावर भरोसा नाही."

दोघांच्या राक्षसांत एक गोष्ट मात्र सारखी होती. त्यांचा लाल रंग रेषेच्या आत बसायचा नाही. डोळा इथं, तर डोळ्यातला लाल तांदळाच्या दाण्याएवढा उजवीकडे. जीभ, जखम, मशालीची ज्वाळा, सगळं दाणाभर सरकलेलं. डाव्या कडेला बारीक पांढरी फट आणि उजव्या कडेला रेषेबाहेर आलेला लाल. कॉमिक्समधल्या भल्या माणसांचे ओठसुद्धा तसेच सरकलेले असायचे, पण भल्या माणसांकडे पाहतो कोण. मी एकदा बाबांना विचारलं, असं काहून. त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं.

"थो आपल्या अंगात मावून नाही राहिला," ते म्हणाले. "म्हणून तं थो राक्षस."

मला हे इतकं पटलं की शाळेत चित्रकलेच्या तासाला रेषेच्या आत नीट रंगवणाऱ्या मुली मला भित्र्या वाटायला लागल्या.

आमचे स्वतःचे राक्षस असेच हळूहळू जमले. तलावातल्या जलकुंभीतून, म्हणजे जलपर्णीतून, एक उठला. सदर बाजारात सोनारांच्या पाट्यांवरून जाणाऱ्या वायरींच्या गुंत्यातून एक लोंबकळला. ते दोन-चार पानांचे, वहीच्या मागच्या बाजूला संपणारे. खरा राक्षस आला तो मी बारावीला असताना, आणि तो गच्चीवर सापडला. आईनं कुरड्या वाळत घातल्या होत्या. संध्याकाळी उचलायला गेली तर सगळ्यांवर काळी भुकटी. रायपूरकराला ही भुकटी समजावून सांगावी लागत नाही. गच्चीवर अनवाणी चार पावलं टाकली की तळवे सांगतात. आईनं ताट बाबांच्या पुढं आणून आदळलं. "पाहा. तुमचा कारखाना माह्या कुरड्या खाऊन राहिला."

ताटाच्या काठावर तीन काळी बोटं उमटली होती. बाबा ती पाहत बसले. "हे बोटं कोनाचे?"

"माहेच, अजून कोनाचे?"

"नाही," बाबा म्हणाले. "हे त्याचे हायेत."

असा काजळ्या आला. तो चिमणीच्या धुरात राहतो. फार मोठा, मऊ, हाडं नसलेला. त्याला कुणाला खायचं नसतं. त्याला फक्त हात लावून पाहायचं असतं, वाळत घातलेल्या धोतराला, कुरडईला, पाळण्यातल्या बाळाच्या गालाला. पण ज्याला हात लावावा ते काळं होतं आणि लोक चपला फेकतात. म्हणून तो रिटायर झालेल्या मास्तरांसारखा दोन्ही हात पाठीमागं धरून शहरभर फिरतो. त्याच्या तळहातांच्या मधोमध भट्टीतला एकेक निखारा आहे, पण हात मागं असल्यामुळे तो कुणी पाहिलेला नाही. बत्तिसाव्या पानावर तो हात पुढं काढणार, असं आम्ही पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. त्याचे हात एकतीस पानं लपवायची कल्पना माझी. आज कुणी त्यात काही गूढ अर्थ शोधला तर मला बरंच वाटेल, पण खरं कारण असं की हात काढायला फार अवघड असतात.

आईनं कायदा केला. एक पेपर झाला की सहा पानं. पेपरच्या आदल्या दिवशी एक रेघही नाही. पाच पेपर होते. त्यामुळे त्या मोसमात माझ्या पेपरांमधले सुट्टीचे दिवस इतिहास-भूगोलात गेले नाहीत, काजळ्यासोबत गेले. पेन्सिल माझी, शाई बाबांची. कागद म्हणजे कारखान्यात रद्दीत निघालेले यंत्रांचे मोठे नकाशे, त्यांच्या कोऱ्या बाजूवर आम्ही काढायचो. उजेडासमोर धरलं की काजळ्याच्या पोटातून कुठल्यातरी पट्ट्याच्या चाकाची फिकट रेघ दिसायची. काळी शाई, लाल शाई आणि दोन नंबरचा एकच ब्रश सदर बाजारातून आणलेला. दोनच रंग होते म्हणून काजळ्याच्या जगात आकाश पांढरं, झाडं काळी, आणि जिथं जीव आहे तिथं लाल.

ती दुपार अजून मला संपल्यासारखी वाटत नाही. खिडकीला हिरवा कागद डकवलेला, त्यामुळे खोलीभर पाण्याखालचा उजेड. कूलरमधून थेंब ठिबकतायत. शेजारून बासीची वाटी आलेली, ताकात घातलेला शिळा भात, वर कांद्याची फोड. जेवणानंतर डोळे जड व्हायचे आणि अर्धवट झोपेत मला काजळ्या तलावाच्या पाण्यावरून चालत येताना दिसायचा, हात मागं, मान खाली, पाण्यावर एक तरंग न उठवता. डोळे उघडले की समोर बाबा जमिनीवर वाकलेले. ब्रश कागदाला टेकायच्या आधी ते श्वास धरत आणि रेघ संपली की सोडत. पूर्ण दुपारभर खोलीत तो एकच आवाज, धरलेला श्वास आणि सोडलेला श्वास. माझ्या आयुष्यात मी इतकी सुरक्षित परत कधी नव्हते.

भांडणं व्हायची, नाही असं नाही. मी केसवाल्या उस्तादांच्या मानाखातर काजळ्याच्या खांद्यावर धुराच्या तीनशे बारीक रेघा काढायची, आणि बाबा काळोखवाल्यांना स्मरून त्यावरून गडद काळा फिरवायचे.

"माह्या रेघा बुडवल्या तुम्ही."

"बुडल्या नाहीत. आत हायेत. तू काढल्या हे तुले माहीत हाय न? मंग थे दिसते."

एकदा मी त्यांना विचारलं, की आपण जे करतो ती नक्कलच ना. त्यांनी ब्रश थांबवला. "नक्कल लपून करतात," ते म्हणाले. "आपन जयभीम घालून करून राहिलो." त्या दिवशी त्यांनी पहिल्या पानावरची ती ओळ लिहिली. ज्यांची नावं माहीत नाहीत, पत्ता माहीत नाही, जिवंत आहेत की नाही तेही माहीत नाही, अशा दोन माणसांना पाठवलेलं ते पत्र होतं. त्यामुळेच असेल, लाल रंग भरताना बाबा फार काटेकोर असत. प्रत्येक लाल ते रेषेपासून दाणाभर उजवीकडे सरकवून भरत. खरोखरचा तांदळाचा दाणा कागदावर ठेवून माप घेत. उस्तादांनी जसं केलंय तसंच.

परीक्षा संपली तेव्हा तीस पानं झाली होती. मे महिन्यात माझ्या एका मैत्रिणीनं मला तिच्या काकांचा छापखाना दाखवायला नेलं. शाईचा आणि रॉकेलचा वास, मशीनची धडधड, आणि ओल्या रंगाचे कागद एकामागून एक पडतायत. तिथल्या मशीनवाल्या भैयांनी मला समजावून सांगितलं, की चार रंगांच्या चार प्लेटा असतात, एकावर एक छापल्या जातात, आणि कागदाच्या कोपऱ्यात हे जे फुलीचं चिन्ह आहे ते चारही वेळा एकाच जागी बसलं पाहिजे. त्यांनी एक कागद उचलून पाहिला. "लाल भाग गया," म्हणाले आणि तो चुरगळून रद्दीत टाकला. मी उचलला. एका बाईचा फोटो होता साबणाच्या जाहिरातीचा. तिचे ओठ तांदळाच्या दाण्याएवढे उजवीकडे गेले होते.

भर उन्हात मी सायकल हाणत घरी आले. मला किती आनंद झाला होता, ते लिहिताना आज लाज वाटते. बाबा एकतिसाव्या पानावर बसले होते, काजळ्याच्या डोळ्यात लाल भरत. मी तो चुरगळलेला कागद त्यांच्यासमोर पसरला.

"बाबा, थे चूक हाय. छापखान्याची. उस्तादाइनं लाल बाहेर काढलाच नव्हता. मशीन सरकली का असं होते."

त्यांनी त्या बाईच्या ओठांकडे बराच वेळ पाहिलं. मग आपल्या पानाकडे. "असं हाय का," म्हणाले. आणि मग हसून, "मंग आपन इतके दिवस चुकीले जयभीम घालून राहिलो होतो."

मीही हसले. मला तो विनोद वाटला. त्यांनी डोळ्यातला लाल पूर्ण केला, जसा नेहमी करायचे तसाच, दाणाभर बाजूला. ब्रश धुतला, बोटांनी टोक काढलं, कागदात गुंडाळला. बत्तिसावं पान मी त्या संध्याकाळी पेन्सिलीनं काढून ठेवलं. बाबा म्हणाले, उद्या. मग त्यांची पाळी बदलली. मग निकाल लागला, मी शिकायला नागपूरला गेले. ते रागावले नाहीत, रुसले नाहीत, कॉमिक्सबद्दल एक वाकडा शब्द बोलले नाहीत. ब्रश मात्र त्यांनी पुन्हा उचलला नाही. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. इथं तर फक्त एक खरी गोष्ट सांगितली गेली होती.

आणि माझी गंमत पाहा, पुढं माझं पोट त्याच खऱ्या गोष्टीवर भरायला लागलं. पुस्तकं आणि पोस्टर छापून घेणाऱ्या एका ऑफिसात मी काम करते. मशीनवरचा पहिला कागद माझ्या टेबलावर येतो. मी डोळ्याला भिंग लावते, कोपऱ्यातल्या फुल्या पाहते. केसभर सरकलं असेल तर परत. नीट असेल तर कोपऱ्यात 'ठीक' लिहून सही करते, मग मशीन पळते. सतरा वर्षांत सरकलेला एकही कागद माझ्या सहीनं गेलेला नाही. छापखान्यातली माणसं मला मागून काय म्हणतात ते मला माहीत आहे, आणि ते चूक नाही.

तर ती गुंडाळी मी खाली आणली. बाबांना दिसू नये म्हणून पलंगाखाली सरकवणार, तेवढ्यात मैत्रीनं पाहिली. विज्ञानाच्या पुस्तकापासून सुटका करणारी कोणतीही वस्तू तिला चालली असती. तिनं पानं पलंगावर पसरली, कोपऱ्यांवर माझी पर्स, पाण्याची बाटली आणि विज्ञानाचं पुस्तक ठेवलं. बाबा खुर्चीतच होते, समोर. नॅपकिन मांडीवर.

मैत्रीला मराठी सगळी कळते, उत्तर ती हिंदीत देते. "आबा, ये आपने बनाया?" आबांनी मान हलवली. ती एकेक पान पाहत गेली, हसली, एका ठिकाणी चक्क घाबरली. मग माझ्याकडे वळली. "मम्मी, ये रेड हर जगह बाहर क्यों है? मिसप्रिंट है क्या?"

बाबांनी डाव्या हातानं मांडीवरचा नॅपकिन नीट केला.

"तुह्या मायले इचार," बाबा म्हणाले. "थे छापखान्यातली हाय. तिले समजते."

त्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. पंचवीस वर्षं त्यांनी माझा शब्द प्रमाण धरला होता, आणि अजून धरत होते. उत्तर माझ्या जिभेवर होतं. चार प्लेटा, चार फुल्या, दोन मिनिटांत समजावून झालं असतं. मी बाबांच्या मांडीवरच्या त्या पांढऱ्या कापडाकडे पाहिलं.

"मिसप्रिंट नाही," मी म्हणाले. "थो आपल्या अंगात मावून नाही राहिला. म्हणून तं थो राक्षस."

बाबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मी खोटं बोलले का, यावर मी नंतर बराच विचार केला. नाही बोलले. मशीनचा लाल आपोआप सरकला होता, कुणाचं लक्ष नसताना. आमचा लाल एका माणसानं श्वास धरून, दाणा ठेवून, मापून तिथं ठेवला होता, एकतीस पानं. ज्या गोष्टीला कुणी एवढं जपलं तिला मी चूक म्हणाले होते. उस्तादांनी काय काढलं असेल ते उस्तादांना माहीत. आम्हाला पोचलं ते असं पोचलं, कव्हर निघालेलं, नाव गळालेलं, रंग सरकलेलं, आणि आम्ही त्या सगळ्यासकट त्याला जीव लावला. हे मला त्या मे महिन्यात कळायला हवं होतं.

मैत्री तोवर शेवटच्या पानापर्यंत पोचली होती. "ये तो अधूरा है. आबा, आप करो ना."

"माह्या हातानं रेघ सरळ नाही येत आता, पोट्टे."

"तो सीधी चाहिए किसको? राक्षस ही तो है."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "पेपर झाल्यावर. एक पेपर झाला का सहा पानं असं ठरलं होतं. इथं तं एकच उरलं हाय." मग जरा थांबून, "ब्रश नवा आना. थो जुना मी टाकला, झिजला होता."

सदर बाजारात ते दुकान आता नाही, पण त्याच रांगेत दुसरं आहे. दुचाक्यांच्या गर्दीतून वाट काढत मी काळी शाई, लाल शाई आणि दोन नंबरचा ब्रश घेऊन आले. कूलरही बसवला. विज्ञानाचा पेपर झाला त्या दुपारी वाळ्याचा पहिला वास घरभर सुटला आणि मी बाबांची खुर्ची टेबलाशी ओढली. पान मांडलं. काजळ्या गच्चीवर उभा, दोन्ही हात पहिल्यांदाच पुढं, तळवे आपल्याकडे. सतराव्या वर्षी मी ते हात काढले होते, आणि खरं सांगायचं तर ते फार वाईट काढले होते.

बाबांनी डाव्या हातानं नॅपकिन बाजूला केला आणि डाव्या हातानंच उजवा हात उचलून टेबलावर ठेवला. तो दुसऱ्या हातापेक्षा बारीक दिसत होता, आणि गोरा. ब्रशची दांडी बोटांत थांबेना, म्हणून मी गुंडाळीची सुतळी तिच्याभोवती गुंडाळून ती जाड केली. मैत्रीनं कागद दोन्हीकडून दाबून धरला. बाबांनी श्वास धरला. तो आवाज मी पंचवीस वर्षांनी ऐकला.

पहिली रेघ दोन बोटं लांब असेल. ती झाली, मग काळा पसरला, मग पुन्हा रेघ. मध्ये दोनदा चहा झाला. अंगठ्यापाशी शाईचा थेंब पडला, त्याचा बाबांनी अंगठाच करून टाकला. मग लाल. तळहातातले निखारे. ब्रश कागदाला टेकला आणि निखारा तळहात सोडून बाहेर गेला. एक दाणा नाही, चांगले तीन दाणे. आणि उजवीकडे नाही, डावीकडे.

"सरकला," बाबा म्हणाले.

"हव. सरकला."

"अन् उलटीकडं."

"उलटीकडं."

त्यांनी दुसऱ्या तळहातातलाही निखारा भरला. तोही डावीकडे गेला. मग ब्रश ठेवून मागं टेकले, कपाळावर घाम होता. "पाहा बरं तुह्या भिंगातून," म्हणाले. "चालते का."

मी पर्समधून भिंग काढलं आणि वाकले. ओला लाल कागदाच्या तंतूंत शिरत होता. त्याच्या खालून नकाशातलं जुनं चाक फिकट दिसत होतं, आणि काळ्याच्या आत, खोल, माझ्या सतराव्या वर्षीच्या पेन्सिलीच्या रेघा. बुडल्या नव्हत्या. मग डोळे भरून आले आणि भिंगातून काहीच दिसेना, पण सहीला दिसावं लागत नाही. फुलीचं चिन्ह असतं त्या कोपऱ्यात मी 'ठीक' लिहिलं आणि खाली सही केली, ऑफिसात करते तशी, पूर्ण.

बाबांनी ती सही निरखून पाहिली. मग म्हणाले, "पुढचा पेपर कोनता हाय हिचा? तवर दुसरा राक्षस पेन्सिल करून ठेव."

ब्रश पुसायला फडकं शोधत होते, हाताशी काही नव्हतं, म्हणून त्यांनी नॅपकिन घेतला. आता तो लाल-काळा झालाय. आई म्हणते हे डाग काही निघायचे नाहीत. धुऊन तिनं तो खिडकीत ठेवलाय, शाईच्या बाटल्यांजवळ.